जुन्या गाडीचे दिवे : दोष शोधण्याची रीत
(मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानांत साहित्य, संगीत, इतिहास असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला मोटारीच्या हेडलाइटमधील बिघाड हा विषय बसविण्याचे धाडस आपल्या चिटणीसांनी केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विषयाचे एक समर्थन मात्र सहज करता येईल. शास्त्रीय मराठीत विजेच्या संपूर्ण वाटेला ‘मंडल’ असे म्हणतात. बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यातून जाऊन पुन्हा बॅटरीकडे परतला, तरच ते मंडल पुरे होते. त्यातील एखादा सांधा सैल झाला की सारेच निस्तेज होते. या नियमाला इतर मंडळेही अपवाद नसावीत!

आज मला बोलावयाचे आहे ते जुन्या व्हॅनविषयी. विशेषतः आत झोपण्याची, स्वयंपाकाची सोय करून घेतलेल्या प्रवासी व्हॅनविषयी. अशा गाडीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १९५८ साली फिरोदियांच्या पुढाकाराने ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी निघाली. हँबर्गच्या ‘टेम्पो’ या जर्मन कारखान्याचे तंत्र तिने घेतले, आणि त्या कारखान्याचे नाव आपल्या भाषेत असे मिसळून गेले की मालवाहू गाडी कोणत्याही कंपनीची असो, आपण तिला टेम्पोच म्हणतो. गणपतीची मूर्ती टेम्पोतून येते, घर बदलताना संसार टेम्पोतून जातो. पुढे त्याच कंपनीची मॅटॅडोर आली आणि १९८७ साली ट्रॅव्हलर आली. २००५ साली कंपनीचे नाव ‘फोर्स मोटर्स’ झाले. पण लोकांच्या तोंडी ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ कायम राहिली. आपल्या देशात घरासारख्या सजविलेल्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांच्या मुळाशी हीच ट्रॅव्हलर असते. २०२१ साली महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी कॅरव्हान पर्यटनाची धोरणे जाहीर केली, तेव्हापासून या हौसेला प्रतिष्ठाही आली आहे.

आपल्या सर्जापूर रोडवरच्या वसाहतींतून अशा काही गाड्या उभ्या असलेल्या दिसतात. बहुतेक वेळ त्या उभ्याच असतात, आणि तेच त्यांच्या दुखण्याचे पहिले कारण आहे. दुसरे कारण पाणी. ऑगस्ट २०२२ ची अखेर आणि सप्टेंबरचा पहिला आठवडा आपण कोणी विसरलेलो नाही. बेळ्ळंदूर, बाह्य वर्तुळमार्ग आणि सर्जापूर रोडवरील रेनबो ड्राइव्हसारख्या वसाहती पाण्याखाली गेल्या. लोकांना घरांतून बाहेर काढण्यासाठी ट्रॅक्टर आणि होड्या आणाव्या लागल्या. पाणी ओसरले, गाड्या धुतल्या, इंजिने सुरू झाली, आणि मालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. परंतु तारेच्या टोकाशी शिरलेले पाणी इन्सुलेशनच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, वर चढत जाते. तांब्यावर हिरवट थर धरतो. तो काही दिवसांत नव्हे, तर महिन्या-दोन महिन्यांनी, कधी वर्षानंतरही आपला प्रताप दाखवितो. त्या वेळी पुराची आठवण कोणाला नसते. दोष बिचाऱ्या बल्बवर येतो.

हा विषय केवळ हौशी लोकांचा आहे, असे समजू नये. सुटीत आपल्यापैकी अनेकजण तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, धारवाड या मार्गाने बेळगाव-कोल्हापूरकडे निघतात. बेळगावच मुळी सुमारे पाचशे किलोमीटर आहे. प्रवासाचा काही भाग अंधारात होणे अटळ असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. म्हणजे दिवा मंद झाल्यामुळे रस्त्यावरची बैलगाडी किंवा नादुरुस्त ट्रक २२ मीटर उशिरा दिसला, तर चालकाच्या हातचा पूर्ण एक सेकंद गेला. तेवढ्या सेकंदावर मागच्या बिछान्यावर झोपलेल्या मुलांचे आणि वडीलधाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दिवा मंद झाला की आपण दिवा बदलतो. दिवा पुरताच विझलेला असेल, तर बल्ब उडाला असण्याचा संभव पुष्कळ आहे. परंतु जळणारा दिवा मंद असेल, तर दोष क्वचितच दिव्यात असतो. तो वाटेत असतो. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाणारी वाट आपल्या लक्षात असते. दिव्यापासून बॅटरीकडे परत येणारी वाट आपण विसरतो, कारण ती तारेच्या रूपाने दिसत नाही. मोटारीत परतीचा प्रवाह बहुतांशी गाडीच्या लोखंडी अंगातून जातो. त्यालाच आपले वायरमन ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. तार जेथे स्क्रूने पत्र्याला जोडलेली असते, तेथे गंज चढला, रंगाचा थर आला किंवा स्क्रू सैल झाला, की परतीची वाट अरुंद होते.

या अरुंद वाटेचा परिणाम किती मोठा होतो, हे आकड्यांनी पाहू. नेहमीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. अप्परला ६० वॅट, डिपरला ५५. बारा व्होल्टवर डिपरचा एक दिवा सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेतो; दोन दिवे मिळून नऊ. दोघांच्या सामाईक वाटेवर एखाद्या सांध्यात अवघा ०.२ ओहम रोध निर्माण झाला, तर नऊ अँपिअरला तेथे १.८ व्होल्ट खर्ची पडतात. बल्बचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही. त्याहून फार वेगाने कमी होतो. दाब दहा टक्क्यांनी उतरला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो; दाब पंधरा टक्क्यांनी उतरला तर प्रकाश निम्म्याहून थोडाच अधिक उरतो. शिवाय वाटेत हरवलेली वीज नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. १.८ व्होल्ट आणि नऊ अँपिअर म्हणजे सोळा वॅट. लहान सोल्डरिंगची इस्त्री साधारण पंचवीस वॅटची असते, हे ध्यानात घ्या. म्हणजे डॅशबोर्डच्या मागे, तारांच्या जुडग्यात, आपण जवळजवळ एक पेटती इस्त्री ठेवून प्रवास करीत असतो.

दोष शोधताना हातात पाना घेण्यापूर्वी डोळ्यांनी काम करावे. गाडी भिंतीपुढे उभी करावी, दिवे लावावेत आणि लक्षण नीट पाहावे. दोन्ही दिव्यांचे अप्पर आणि डिपर दोन्ही बंद असतील, तर कारण सामाईक जागी आहे : मुख्य फ्यूज, दिव्यांचा स्विच किंवा तेथवर येणारी तार. चारही तंतू एकाच दिवशी उडणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. तसे खरोखरच झाले असेल तर अल्टरनेटरच्या रेग्युलेटरकडे संशयाने पाहावे. दोन्ही बाजूंचे केवळ डिपर गेले असतील, तर डिपर-स्विच, त्याचा रिले किंवा फ्यूज तपासावा. एकाच बाजूचा दिवा गेला असेल, तर त्या बाजूचा बल्ब, फ्यूज, होल्डर आणि अर्थ, एवढ्यांतच उत्तर आहे. इंजिनाचा वेग वाढविताच दिवे उजळत असतील, तर बॅटरी किंवा चार्जिंग कमजोर आहे. गतिरोधकावरून जाताना दिवा मिचकत असेल, आणि आपल्या रस्त्यावर ही परीक्षा घेण्यास गतिरोधकांची उणीव नाही, तर सांधा सैल आहे. दिवा दहा-पंधरा मिनिटे नीट जळून मग विझत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा लागत असेल, तर एखादा सांधा, स्विच किंवा रिले आत तापत आहे.

एक लक्षण मोठे मौजेचे आहे. डिपर लावला असता एका बाजूच्या बल्बमधील दोन्ही तंतू मंद लालसर जळतात आणि डॅशबोर्डवरील अप्परची निळी खूणही अंधुक उजळते. कित्येकांना हा भुताटकीचा प्रकार वाटतो. कारण सोपे आहे. एच-४ बल्बला तीन पाती असतात : एक डिपरचे, एक अप्परचे आणि तिसरे दोघांचे सामाईक अर्थ. हे अर्थ तुटले की डिपरच्या तंतूतून आलेल्या प्रवाहाला घरी जाण्याची वाट उरत नाही. मग तो अप्परच्या तंतूतून उलटा शिरतो, अप्परच्या तारेने दुसऱ्या बाजूच्या दिव्याकडे आणि निळ्या खुणेकडे जातो, आणि तेथील अर्थातून परततो. पुढचे दार बंद झाल्यावर शेजाऱ्याच्या अंगणातून जाणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती होते. हे लक्षण दिसले की बल्ब, स्विच, रिले कशालाही हात न लावता सरळ त्या दिव्याच्या अर्थाकडे जावे.

यानंतर मोजमाप. साधा मल्टिमीटर पुरेसा आहे; बेंगळूरूच्या जे. सी. रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत तो सहज मिळतो. प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर दाब पाहावा. इंजिन बंद असून गाडी काही तास उभी असेल, तर चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. इंजिन चालू असता १३.८ ते १४.४ असावेत. आकडा पंधराकडे झुकत असेल तर बल्ब वारंवार उडणारच. दाब पाच टक्क्यांनी वाढला तरी बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची असून तीच बहुधा चुकविली जाते. बल्ब काढून रिकाम्या होल्डरमध्ये मीटर लावला तर तो बहुतेक वेळा पूर्ण १२.५ व्होल्ट दाखवितो, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘करंट बरोबर आहे.’ हा आकडा फसवा आहे. मीटर स्वतः प्रवाह जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे एका शिल्लक तंतूवर तगलेली कुजकी तारही त्याला सुदृढ वाटते. पायवाटेवरचा साकव एका पाखराचे ओझे सोसतो, म्हणून त्यावरून बैलगाडी जाईल असे कोणी म्हणत नाही. दिवा जळत असतानाच, म्हणजे ओझे असतानाच, मोजले पाहिजे.

रीत अशी. बल्ब होल्डरमध्ये ठेवून दिवा लावावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी होल्डरच्या मागच्या बाजूने, डिपरच्या पात्यावर टेकवावी. मीटर जो आकडा दाखवील तो जाणाऱ्या वाटेवर हरवलेला दाब होय. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. मग एक पिन बल्बच्या अर्थाच्या पात्यावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. हा परतीच्या वाटेवरचा तोटा, तो ०.२ व्होल्टच्या आत असावा. ज्या बाजूला तोटा अधिक, त्या बाजूला दोष. नंतर एक पिन जागीच ठेवून दुसरी क्रमाक्रमाने एकेका सांध्यावर सरकवीत न्यावी. ज्या सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा एकदम बदलतो, तो सांधा अपराधी. यात तर्क नाही, अंदाज नाही, नशीब तर मुळीच नाही.

आमच्या वसाहतीतील एका जुन्या ट्रॅव्हलरचे उदाहरण देतो. ती २०२२ च्या पाण्यात चाके बुडेपर्यंत उभी होती. पुढे डावा दिवा मंद झाला. एका गॅरेजमध्ये बल्ब दोनदा बदलला गेला, आणि तरीही प्रकाश पडेना म्हणून १०० वॅटचा बल्ब बसविला गेला. महिनाभरात होल्डरचे प्लास्टिक वितळले आणि गाडीत जळका वास येऊ लागला. गाडी विकून टाकावी, असा विचार घरात सुरू झाला. ६०/५५ चा बल्ब आणि नवा होल्डर लावून मोजमाप केले, तेव्हा इंजिन चालू असता बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते. जाणाऱ्या वाटेवर ०.४ हरवत होते, म्हणजे ती ठीक होती. परतीच्या वाटेवर मात्र २.१ व्होल्ट! बल्बच्या वाट्याला उरले ११.४. अर्थाची तार शोधली. ती दिव्यामागे पत्र्याला एका स्क्रूने जोडलेली होती. वॉशरखाली गंजाचा आणि जुन्या रंगाचा थर होता. स्क्रू काढला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, तारेचे हिरवे पडलेले टोक कापून नवे थिंबल दाबून बसविले, सांधा आवळून वर थोडे व्हॅसलिन लावले. परतीचा तोटा ०.१ व्होल्टवर आला आणि बल्बला १३.४ मिळू लागले. प्रकाश पूर्वीच्या पावणेदोनपट झाला. बल्ब आणि होल्डर सोडले तर लागलेले सामान म्हणजे एक थिंबल आणि अर्धा पॉलिश पेपर.

या उदाहरणातील १०० वॅटच्या बल्बविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. आपल्या बाजारात १००/९० वॅटचे बल्ब सर्रास मिळतात आणि कौतुकाने बसविले जातात. असे दोन दिवे अप्परवर सोळा-सतरा अँपिअर घेतात. मूळ वायरिंग, स्विच आणि होल्डर यांची तयारी दहा अँपिअरच्या आसपासची असते. वाट आधीच अरुंद, त्यात गर्दी दुप्पट. परिणाम उघड आहे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते निराळेच. फ्यूजच्या बाबतीतही हीच वृत्ती दिसते. फ्यूज उडाला की मोठा फ्यूज घालावयाचा, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून लावावयाचा. फ्यूज हा आपल्या घरचा जागता पहारेकरी आहे. तो ओरडला म्हणून त्याचे तोंड बांधणे शहाणपणाचे नव्हे.

वारंवार उडणाऱ्या फ्यूजसाठी एक जुनी, खात्रीची युक्ती आहे. दोन्ही हेडलाइटचे बल्ब काढावेत आणि फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब तारांनी जोडावा. दिव्यांचा स्विच लावल्यावर हा बल्ब पेटला, तर तार कोठेतरी पत्र्याला लागली आहे. बल्ब मध्ये असल्यामुळे प्रवाह दोन अँपिअरच्या आत राहतो, तारा जळत नाहीत. मग तारांचे जुडगे जागोजाग हलवीत, एकेक जोड सोडवीत जावे. ज्या क्षणी बल्ब विझेल, तेथे दोष हाती लागला.

घरासारख्या सजविलेल्या व्हॅनमध्ये आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. तेथे बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, दुसरी पंखे, आतले दिवे आणि लहान फ्रीज यांची. काम सुरू करण्यापूर्वी दोन्हींच्या ऋण तारा आधी सोडवाव्यात. धन टोक आधी सोडविताना पाना पत्र्याला लागला तर ठिणग्यांचा वर्षाव होतो. हातातील अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. सुताराने प्लायवूड आणि फोमचे अस्तर लावताना खिळा तारेत घुसला आहे काय, ते पाहावे. फायबरचे अंग वीज नेत नाही. तेथे अर्थासाठी स्वतंत्र तार पाहिजे. आणि आतल्या शोभेच्या दिव्यांसाठी कोणी हेडलाइटच्या तारेतून फाटा काढला असेल, तर तो प्रथम तोडावा. ज्या गाडीत लाकूड, गाद्या, पडदे आणि गॅसची शेगडी आहे, आणि जिच्यात माणसे झोपतात, तिच्यात तापणारा एक सांधाही क्षम्य नाही.

दोष काढल्यावर कायमचा उपाय म्हणून रिले बसवावेत. पुष्कळ जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सारा प्रवाह बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत, तेथून स्विचमधून, आणि मग परत पुढे असा वळसा घेतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या तारेतच नऊ अँपिअरला पाऊण व्होल्ट हरवतो. स्विचचे झिजलेले संपर्क वेगळेच. रिले लावल्यावर स्विचला केवळ इशारा द्यावयाचा असतो, त्यास अँपिअरचा अल्पांश पुरतो. मुख्य प्रवाह बॅटरीजवळच्या फ्यूजमधून, अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेने, थेट दिव्याकडे जातो. दोन मीटरच्या अशा तारेत जेमतेम ०.१२ व्होल्ट खर्च होतो. अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले पुरतात. रिलेवर अंक छापलेले असतात : ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, ८५ व ८६ वर इशारा. इतके करूनही प्रकाश कमी असेल, तर वीज निर्दोष समजावी आणि पिवळी पडलेली काच व काळवंडलेला परावर्तक तपासावा.

खाजगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर, आणि पुढे दर पाच वर्षांनी, नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी दिवेही तपासले जातात. पण केवळ त्या दिवसापुरते दिवे लागणे हा आपला हेतू नसावा. जुनी वस्तू बिघडली की ती टाकून द्यावी, ही शिकवण आजकाल चहूकडून मिळते. माझे म्हणणे एवढेच की, टाकण्यापूर्वी तिचे दुखणे तरी समजून घ्यावे. ज्याने एकदा प्रवाहाची जाण्याची आणि परतण्याची वाट बोटाने दाखवून घेतली, त्याला कोणी अकारण बल्ब, स्विच आणि शेवटी नवी गाडी विकू शकत नाही. ही विद्या अवघड नाही. शाळेतल्या मुलांना ती एका रविवारी शिकविता येते, आणि माझी सूचना अशी की, मंडळाने सुटीतील कार्यक्रमांत तसा एक रविवार जरूर ठेवावा. मल्टिमीटर मी आणीन. जुनी गाडी सभासदांपैकी कोणीतरी आणावी.